भंडाऱ्यानं पिवळा झालेला हात

"वहिनी, अक्का आली की तुम्ही फक्त गप बसा… बाकी मी बघतो!"

भीमाशंकरनं हिश्शांचे कागद पार्वतम्माच्या मांडीवर टाकले, आणि मोतीबिंदूनं धुरकटलेल्या तिच्या डोळ्यांपुढं नुसते पांढरे डाग तरळले. लढाईच्या वर्षात पाटल्या मोडून तिनं हे हिस्से घेतले होते. घ्यायला लावले होते ते लोकांच्या पैशातनं गिरण्यांचे शेअर घेणाऱ्या सोलापूरच्या गुंतवणूक मंडळीच्या या दलालानं, आई मेल्यावर ज्याला तिनं आपल्या ताटातला घास भरवला त्या धाकट्या दिरानं! आता निजामाचं जकातनाकं ओलांडून सोलापूरला मोतीबिंदू काढायला जायचं, तर हातात दमडी नव्हती.

"मंडळीच घेईल की परत."

"न्हाय घेत! हिस्से एकदाच काढले, मग दार बंद. तुम्हाला निघायचं तर दुसऱ्या कुणीतरी तुमचे हिस्से घ्यायला पाहिजेत. बाजारात दहाचा हिस्सा पाचाला जातोय."

"का रं? गिरण्या बुडाल्या?"

"छे! मंडळीकडचे गिरण्यांचे शेअर आज मोडले तर हिश्शामागं नऊ येतील. पण मंडळी मोडत न्हाय, गिऱ्हाईक न्हाय, म्हणून पाच. अक्काला दहानं देऊ. माझी दलालीही सुटंल. तिला काय कळतंय!"

याची सख्खी बहीण… तीही विधवा! पार्वतम्मानं मांडीवरचे कागद बाजूला सारले.

शांताक्का निजामाच्या हाली रुपयांची गाठ सोडतच आत आली. "घ्या वहिनी, तुमचं डोळं सुधारलं की मला समदं मिळालं!"

पार्वतम्मानं चाचपत देव्हाऱ्यातली वाटी आणली. "खंडोबाचा भंडारा उचलून शपथ घे, भीमू… आन् सांग अक्काला बाजारभाव." खंडोबाच्या अणदूरचं पोर, कितीही शिकलं तरी हात कापेलच…

तिच्या हातातल्या वाटीतून त्यानं मूठभर उचलला. "दहा!"

वाटीला लागलेला त्याचा हात कापला नाही, जीभही नाही. शी! याच हाताला आपण घास धरायला शिकवलं! एका मौनात तिची दृष्टी परत मिळत होती… तिनं ती किळसेनं थुंकून टाकली.

"खोटं बोलतोय, अक्का! भाव पाचाचा हाय. ऊठ, घरी जा!"

शांताक्का हलली नाही. "आन् हिश्शाच्या आत माल कितीचा हाय?"

"नऊचा," पार्वतम्मा म्हणाली.

"मग सातानं द्या. मला मोडायची घाई न्हाय, तुमच्या डोळ्यांला हाय. कमी पडलं तर माझी बोरमाळ हाय. आन् तू रे, दलाली खंडोबाकडनं घे!"

दोघी गळ्यात पडून रडल्या. भीमाशंकर हुंदका देत वहिनीच्या पायाशी वाकला. तिनं पाय मागं ओढले.

"शिवू नगंस! आधी हात धू."

तो रांजणाकडं गेला. मग पार्वतम्माच भिंत धरत त्याच्यामागं गेली, आणि त्याच्या लहानपणी ओतायची तसं तांब्यानं पाणी ओतू लागली.

"गेला का रं पिवळेपणा? मला दिसत न्हाय…"

"न्हाय, वहिनी."

"मग चोळ!"