कुंचल्याने ऐकलेला आवाज

मिरजेच्या ध्वनिविज्ञान प्रयोगशाळेत केतकी रास्नेबाई मांडीवर संहितेची वही धरून बसल्या होत्या. सदतीस वर्षं त्यांनी शाळेत इतिहास शिकवला होता आणि निवृत्तीनंतर त्या मुलांच्या दूरचित्रवाहिनीसाठी माहितीपट लिहू लागल्या होत्या. सध्याची मालिका अमेरिकेच्या इतिहासातल्या मोठ्या माणसांवर होती. शेवटचा भाग होता त्यांच्या लाडक्या सायलस हार्डविकवर. गुलामगिरीविरुद्धच्या एकाच भाषणाने त्याने अख्खं सभागृह आपल्या बाजूला वळवलं होतं. वहीतलं पहिलंच वाक्य होतं, ‘हार्डविक हा उपजत वक्ता होता.’ शाळेत वक्तृत्व स्पर्धेची तयारी करून घेताना हे वाक्य त्यांनी दरवर्षी मुलांना ऐकवलं होतं.

परदेशी माणूस पडद्यावर बोलू लागला की आधी दोन सेकंद त्याचा मूळ आवाज ऐकू द्यायचा आणि मग त्यावर मराठी आवाज चढवायचा, अशी वाहिनीची रीत. हार्डविक तर ध्वनिमुद्रणाचा शोध लागण्याआधीच वारला होता. ते दोन सेकंद आणायचे कुठून?

म्हणून बाई मल्हार चौगुलेकडे आल्या होत्या. तो इथला शास्त्रज्ञ आणि त्यांचा जुना विद्यार्थी. लहानपणी तो अडखळत बोलायचा, अजूनही बोलतो. सातवीत त्याने स्पर्धेला नाव दिलं, तेव्हा बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला वेळ संपल्याची घंटा वाजवायला बसवलं होतं. “तुझं लक्ष चांगलं असतं,” असं म्हणाल्या होत्या. पोरगं हसं होण्यापासून वाचलं, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं.

“चित्रातून आवाज कसा काय ऐकू येणार?” बाईंनी विचारलं. “सातवीतल्या मुलाला सांगतात तसं सांग.”

“तंबोऱ्यावर बोट ठेवा, आणि श-शेजारी कुणी गाऊ लागलं तर बोटाला कळतं ना? तसंच इथे होतं. कुंचल्याचे केस खोलीतल्या आवाजाने थरथरतात. ओल्या तैलरंगात त्या थरथरीच्या बारीक रेघा उमटतात. रंग वाळला की त्या टिकतात. आम्ही त्याला कुंचलालेख म्हणतो. कुंचल्याच्या एका फ-फटकाऱ्यात सेकंद-दीड सेकंदाचं बोलणं मावतं. कुठला फटकारा कुठल्यावर बसलाय ते पाहिलं की क्रम लागतो.”

हार्डविकचं तैलचित्र सातासमुद्रापार होतं. संग्रहालयाने रेघांची मापं तेवढी पाठवली होती. चित्र जेमतेम खिडकीएवढं, पण पुरं व्हायला अकरा महिने लागले होते. हार्डविकचा मित्र, चित्रकार थिओडोर ब्रूक आळशी होता, असं सगळ्या पुस्तकांत छापलेलं. ते बाईंच्या वहीतही उतरलं होतं.

मल्हारने कळ दाबली. खरखरीतून एक भरदार आवाज वर आला. इंग्रजी वाक्य बाईंना तोंडपाठ होतं: ‘माणसाला साखळी घालणारा हातही त्याच साखळीला बांधलेला असतो.’ कुठे धक्का नाही, कुठे घाई नाही.

बाईंनी चष्मा काढून पुसला. “हाच तो. उपजत म्हणतात ते हे.”

मल्हारने मान डोलावली नाही. “बाई, तुम्ही विहिरीच्या काठावर उभ्या आहात. एक जण तुमच्या कानाशी बोलतोय, एक जण आत उतरून बोलतोय. फ-फरक कळेल?”

“कळेल की. आतला घुमेल.”

“खोलीतही तसंच. लांबून बोललेलं भिंतींवर आपटून आपल्यापर्यंत येतं, म्हणून घुमतं. या आवाजात घुमारा जवळजवळ नाहीच. म्हणजे बोलणारा कुंचल्यापासून हातभरच लांब होता. आणि हार्डविक खुर्चीत बसला होता दहा फुटांवर.”

“मग हा कोण?”

“कुंचला ज्याच्या हातात होता तो. ब्रूक.” मल्हारने दुसऱ्या कळेवर बोट ठेवलं. “घुमणारा आवाज मी वेगळा काढलाय. पण उद्या तुमचं ध्वनिमुद्रण आहे, आणि हे ऐकलंत तर संहिता बदलावी लागेल. ऐ-ऐकवू का?”

बाईंनी वहीकडे पाहिलं. “ऐकव.”

दूरचा, घुमणारा आवाज तेच वाक्य बोलू लागला आणि पहिल्याच शब्दावर अडकला. पुन्हा अडकला. मग शांतपणे ब्रूकचा आवाज, तेच वाक्य. पुन्हा हार्डविक. फटकाऱ्यामागून फटकारा, कपाळ, गाल, कोटाची बाही, सगळीकडे तेच वाक्य.

“भाषण त्याच्याच हाताने लिहिलेलं आहे,” बाई हळूच म्हणाल्या. “कागद जपून ठेवलेत. म्हणजे लिहिलं त्याने आणि मित्राने घोटून घेतलं. अकरा महिने. चित्र हे नुसतं निमित्त.”

“सगळ्यात वरचे फटकारे ओठांवरचे आहेत. ती शे-शेवटची बैठक.”

दूरच्या आवाजाने वाक्य सुरू केलं. साखळी या शब्दापाशी तो थबकला, श्वास घेतला आणि शेवटपर्यंत गेला. जवळच्या आवाजाला या वेळी दुरुस्ती करावी लागली नाही. तो फक्त बारीकसा हसला, मुलाचं गणित सुटल्यावर मास्तर हसतात तसा.

बाईंनी पेन उघडलं. आधी ‘आळशी’ खोडलं आणि मग ‘उपजत’. ते खोडताना त्यांचा हात जरा थांबला.

“मल्हार, सातवीत तुझ्या भाषणाचा विषय काय होता रे? मी विचारलंच नव्हतं.”

“हार्डविक.”

“पाठ होतं?”

“अजून आहे.”

“मग त्या दोन सेकंदांनंतरचा मराठी आवाज तू दे.”

“मी अ-अडखळतो, बाई.”

“तोही अडखळायचा. तू सातवीत असताना हे मला ठाऊक असायला हवं होतं.”

दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मल्हार ध्वनिक्षेपकासमोर उभा राहिला. कागद हातात होता, पण तो बघत होता काचेपलीकडे बसलेल्या बाईंकडे.

“घंटा कोण व-वाजवणार?” त्याने विचारलं.

“घंटा आणलीच नाही,” बाई म्हणाल्या. “तुला लागेल तेवढा वेळ घे.”