मानाची जागा

"सही खोटी आहे," ओडेसाने दुकानातल्या टेबलावरून चेंडू परत सरकवला.

समोरचा उंच तरुण जागचा हलला नाही. जुन्या बेसबॉलच्या वस्तूंबाबत अख्ख्या कॅन्सस सिटीत ओडेसाचा शब्द शेवटचा. पण या गृहस्थाला ते कोण सांगणार!

"माझ्या आजोबांची आहे ती. एझ्रा पेटिग्रू, इथल्याच संघातून खेळायचे. बेसबॉल संग्रहालयवाले म्हणाले, तुम्ही लिहून दिलंत तरच ठेवू."

"अहो, एझ्रा पेटिग्रूच्या सहीचे सात चेंडू आहेत माझ्याकडे! काय वळणदार अक्षर... आणि हे? नुसते कोंबडीचे पाय! शिवाय दोन शिवणी जवळ येतात तिथे, मानाच्या जागी, खेळाडू सही करतात. ही बघा कुठे, बाजूला!"

तो हसला. गालाला खळी पडली — कामाच्या वेळी असलं काही बघायचं नसतं, पण तिने बघितलं.

"आजोबांना लिहिता येत नव्हतं, मिस. तुमच्या त्या सातही सह्या माझ्या आजीने केल्यात."

ओडेसाचा चेहरा खर्रकन उतरला. बारा वर्षं जीव लावून जमवलेले चेंडू! "म्हणजे... माझे सगळे खोटे?"

"खोटे कसे? आजीचे आहेत!" त्याचा आवाज मऊ झाला. "तेव्हा लग्न नव्हतं झालं. हिवाळाभर तिने त्यांना अक्षरं शिकवली. स्वतःच्या हाताने पहिल्यांदा नाव लिहिलं ते या चेंडूवर, आणि तिलाच दिला. मानाची जागा तिच्या नावासाठी सोडली."

"मग ती रिकामी का?"

"आजी म्हणाली, चेंडूवर कशाला? मी घरातच येते."

अगं बाई! ओडेसा त्या वाकड्यातिकड्या अक्षरांकडे बघतच राहिली. भिंगातून पाहिलं: शाई जुनी, चेंडूही त्याच काळातला. तिने कागद ओढला. सही खरी, असं लिहिलं. आपल्या सात चेंडूंवरच्या सह्या एझ्राच्या हातच्या नाहीत, हेही लिहिलं. डोळे भरून आले होते, तरी लिहिलं.

उन्हाळाभर तो — थॅडियस — दर शनिवारी काही ना काही निमित्त काढून दुकानात येत राहिला. 'मिस'ची 'ओडेसा' कधी झाली, दोघांनाही कळलं नाही. पानगळीत एक दिवस त्याने नवा कोरा चेंडू टेबलावर ठेवला. बाजूला त्याचं नाव. मानाची जागा रिकामी.

"बघ बरं... खरी की खोटी?"

"कोंबडीचे पाय! घराण्यातच आहेत वाटतं?"

"आणि... ती जागा?"

ओडेसाने पेन उघडलं. मग टोपण लावून बाजूला ठेवलं.

"चेंडूवर कशाला?" ती म्हणाली.