चार लक्षणांचा माणूस

बाबांच्या शेवटच्या साध्यासुध्या दुपारी मी दार उघडलं. दारात एक तरुण डॉक्टर, एका पायात काळा मोजा, दुसऱ्यात निळा.

"खाली बघू नका," तो म्हणाला. "घाईत निघालो… सर आहेत?"

मला हसू आलं. पण ते फार टिकलं नाही.

बाबा मनोविकारतज्ज्ञ. व्यक्तिमत्त्व विकारांचं त्यांचं वर्गीकरण कप्प्यांचं. यादीतली पाच लक्षणं जुळली की विकाराचं नाव द्यायचं, चार जुळली तर नाही. मी सहा वर्षं त्यांच्या रुग्णांच्या मुलाखतींची टिपणं काढत होते आणि सहा वर्षं सांगत होते, "चार लक्षणांचा माणूस काय ठणठणीत असतो? संशय, हट्ट, भीती सगळ्यांतच असते. कुणात किती, ते मोजा ना, बाबा."

"चहा टाक," ते म्हणायचे.

त्या दुपारी डॉक्टरने नेमकं हेच सांगितलं. "पटलं बुवा!" म्हणत बाबा असे खुलून हसले, की माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

महिन्याभराने तो डॉक्टर बाबांचं उरलेलं काम पुरं करायला येऊ लागला. पद्धत बाबांचीच : रेकॉर्ड केलेली एकच मुलाखत दोघांनी ऐकायची, एकमेकांचं न बघता लक्षणांना गुण द्यायचे, मग ताडून पाहायचे.

"माझ्या कागदात बघू नका," मी दटावायचे.

"कागदात कुठे बघतोय…"

कानशिलं तापायची. आवडावा तर नेमका हाच?

एकदा आमचे गुण तंतोतंत जुळले. "सर असते तर –"

"तुम्हालाच शाबासकी दिली असती. त्या दिवशीही तुम्हालाच दिली. मी सहा वर्षं घसा कोरडा केला, त्याचं काय?"

तो गोंधळला. मग बॅगेतून टिपणांच्या प्रती काढल्या. समासात माझं अक्षर!

"हे वाचूनच तर मी बोललो. सरांनी पाठवलं होतं. लिहिणाऱ्याचं नाव न सांगता. म्हणाले, मला पटतंय, पण ते मायेपोटी की खरंच, हे दुसऱ्या कुणीतरी तपासायला हवं… तुम्हाला बोलले नाहीत?"

सकाळी बोलले असते; ती एक रात्र सरायला हवी होती. मी ते कागद नीट जुळवून टेबलावर ठेवले.

"मी तुमच्यावर जळत होते," मी म्हटलं. "बाबांनी एकदा माझ्याकडे बघून तसं हसावं, एवढंच हवं होतं. त्यांना कधी सांगितलं नाही, राहून गेलं. म्हणून तुम्हाला आजच सांगते – तुम्ही मला आवडता. काम संपलं तरी येत जा."