शंभरातले एकतीस

मनोमुद्रा केंद्रातल्या खुर्चीवरून उठल्या उठल्या रेवती मगदूमने पहिला प्रश्न विचारला तो हा: "ही मुद्रा किती दिवस चालते?"

"तीस दिवस." तंत्रज्ञ तिच्या कपाळावरच्या संवेदक चकत्या एकेक करून सोडवत होता. "तेवढ्यात एजंट ठरवा. हेल्मारची वकिलात थेट अर्ज घेत नाही. आणि मुद्रा वर्षातून एकदाच घेता येते, माहीत आहे ना?"

माहीत होतं. मिरजेच्या एका इस्पितळात नऊ वर्षं डायलिसिसची यंत्रं सांभाळलेली रेवती कुठलाही कागद मागून-पुढून वाचल्याशिवाय सही करत नसे. हेल्मारला डायलिसिस तंत्रज्ञ हवे होते, पाच वर्षांच्या करारावर. त्यातली तीन वर्षं सलग भरली की कामगाराला आपल्या मुलाच्या श्रवणतंतू रोपणासाठी अर्ज करता येत होता. हे रोपण जगात फक्त तिथेच होत होतं, आणि तेही मूल सात वर्षांचं व्हायच्या आत. ओवी पावणेचार वर्षांची होती, जन्मापासून ऐकू न येणारी. पुढच्या वर्षीच्या मुद्रेचा काही उपयोग नव्हता. जायचं तर आत्ताच.

पहिला एजंट नवऱ्याने, अभिनंदनने, शोधला. सांगलीत विश्रामबागेत काचेचं ऑफिस, आत गारवा, भिंतीवर मोठ्या आकड्यात लिहिलेलं: शंभरातले सत्त्याण्णव.

"वहिनी, तुम्ही फक्त बॅग भरा," कुलभूषण बरगाले म्हणाला. "बाकी आमच्यावर सोडा. आपलीच माणसं तुम्ही."

"जोडपत्र क कुठे मिळतं?" रेवतीने विचारलं.

"कसलं?"

तिने पर्समधून वकिलातीची नियमावली काढली. तिच्यात पेन्सिलीने खुणा केलेल्या होत्या. "व्हिसाच्या निकालासोबत जोडपत्र क येतं, असं लिहिलंय. तुमच्या कागदांच्या यादीत ते नाही."

बरगाले हसला, पण अभिनंदनकडे बघून. "ते आम्ही इथेच फाडतो. जेवायला बसल्यावर भटारखान्यात डोकावू नये, वहिनी. भूक जाते."

बाहेर आल्यावर अभिनंदन वैतागला. "सत्त्याण्णव जणांनी नाही विचारलं. तुलाच का विचारायचं असतं गं?"

"फाडतो म्हणाला. नसतं असं म्हणाला नाही."

दुसरी एजंट तिने स्वतः शोधली. मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत, एका दुकानाच्या माडीवर, डॉ. वहिदा मुजावर बसत. पाटीवर आकडा लिहिला होता तो असा: शंभरातले एकतीस.

"एकतीस?" अभिनंदन जिन्यातच थांबला. "त्यापेक्षा चिठ्ठ्या टाकू की." तो ओवीला घेऊन खालच्या दुकानातच राहिला. कारागिराने तार छेडली की ओवी सतारीच्या भोपळ्यावर तळहात टेकून डोळे मिटत होती.

वहिदा मॅडम साठी उलटलेल्या, बोलायला सरळ. "आकडा वाचूनही वर आलीस म्हणजे काहीतरी विचारायचंय. विचार."

"निकाल कसा ठरतो, आणि जोडपत्र क का फाडतात?"

"तुझ्या मुद्रेतून वकिलात तुझं प्रतिमन उभं करते. प्रतिमन म्हणजे तूच, मुद्रेच्या दिवसापर्यंतची. त्याला हेल्मारमधली पाच वर्षं जगायला लावतात. एकदा नाही, हजारदा. कधी हिवाळा लांबतो, कधी वरिष्ठ खडूस निघतो, कधी घरून वाईट बातमी येते. हजारातल्या नऊशे फेऱ्यांत तू करार पुरा केलास, तर व्हिसा."

"आणि जोडपत्र?"

"आम्ही त्याला कारणपत्र म्हणतो. त्या फेऱ्यांत तू कशी टिकलीस आणि टिकताना काय सोडलंस, ते त्यात असतं."

"मग ते माणसाला द्यायला नको?"

वहिदा मॅडमनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "डायलिसिसवाली ना तू? रोग्यानं रक्ताचा नमुना दिला आणि मग चार केळी खाल्ली, तर?"

"पोटॅशियम चढेल. तो रिपोर्ट मग त्याचा राहणार नाही."

"कारणपत्र म्हणजे ती केळी. विमानतळावर जुळणी कक्ष असतो. तिथे तुझं मन मुद्रेशी ताडून बघतात. तुझी भीती, रडू, रोजचे राग, हे काही धरत नाहीत. वेळ आल्यावर तू काय करशील, ते बदललंय का, एवढंच मोजतात. चार टक्क्यांहून जास्त फरक पडला तर दार लाल. आपण जिला व्हिसा दिला ती ही बाई नव्हे, असं समजतात."

रेवतीला खालची पाटी आठवली. "तुम्ही कारणपत्र देता. म्हणून तुमचे एकोणसत्तर परत आले."

"परत येऊन मला शिव्या घालतात. बरगालेला मी लबाड म्हणणार नाही हं. तो माणसाला पलीकडे पोचवतो. मी त्याला पलीकडे काय वाढून ठेवलंय ते दाखवते. मुद्रायंत्र बनवणाऱ्यांत मीही होते, अकरा वर्षं. ज्याची मुद्रा त्याचं पान, असं मला वाटतं. दोन्ही गोष्टी एका एजंटाकडे मिळत नाहीत, बाळ. तुला कुठली हवी?"

रेवती नियमावलीची पानं उलटत राहिली. मग म्हणाली, "जोडपत्र कुणी वाचायचं ते इथे लिहिलंय, 'अर्जदार किंवा अर्जदाराने नेमलेला नातेवाईक.' माझ्याऐवजी माझ्या नवऱ्यानं वाचलं तर? मी आहे तशीच राहीन. काय होणार ते त्यांना कळेल, आणि इथे राहून जे करता येईल ते ते करतील."

वहिदा मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे आजवर कुणी विचारलं नव्हतं." मग मान हलवली. "पण तुला जमायचं नाही. मघापासून तू खिडकीतून खालच्या माणसांचे ओठ वाचतेयस. मुलीमुळे सवय लागली असेल. नवऱ्याच्या तोंडावरचं तू एका दिवसात वाचशील."

"मी बघणारच नाही त्यांच्याकडे."

"निकालापासून मुद्रा संपेपर्यंत, एकोणीस दिवस?"

"एकोणीस दिवस."

निकाल आठवड्याने आला. हजारातल्या नऊशे अकरा फेऱ्या पूर्ण. व्हिसा मंजूर. वहिदा मॅडमच्या माडीवर अभिनंदन कारणपत्र घेऊन आतल्या खोलीत गेला. रेवती भिंतीकडे तोंड करून तिथल्या कॅलेंडरमधल्या तिथ्या वाचत उभी राहिली. कागदाची घडी उलगडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा घडी घातल्याचा.

"चल," पाठीमागून तो म्हणाला. "ओवीला भूक लागली असेल." आवाज साधा होता, जरा जास्तच साधा.

पुढचे दिवस घरात विचित्र गेले. सर्दी झाल्याचं सांगून अभिनंदन घरातही मास्क लावू लागला. रेवती त्याच्याशी बोलताना गॅसकडे, फरशीकडे, ओवीच्या केसांकडे बघे. तो विनोद सांगे, ती हसे, आणि दोघंही भिंतींशी बोलल्यासारखे बोलत. त्रास ओवीला झाला. बाबांचे ओठ दिसेनात, तसं तिला त्यांचं काहीच कळेना. एकदा जेवताना तिने चिडून त्याचा मास्क खसकन ओढला. रेवतीने भाताने माखलेला हात तसाच डोळ्यांवर धरला.

"लावला का?"

"लावला," अभिनंदन म्हणाला. "काढ हात. डोळ्यात आमटी गेली असेल."

"जाऊ दे गेली तर."

निघायच्या आदल्या दुपारी त्याने जेवणाच्या टेबलावर कागदांची चळत ठेवली. बँकेचा फॉर्म, बालवाडीचं संमतीपत्र, विमा, असे बारा कागद होते. "सह्या कर पटापट. नोटरी जेवायला जायच्या आत गाठायचाय त्याला."

तिने पेन घेतलं आणि सवयीप्रमाणे प्रत्येक कागद वरपासून वाचत गेली. अभिनंदन खिडकीकडे तोंड करून उभा होता. नववा कागद मुखत्यारपत्राचा होता. 'श्रवणतंतू रोपणाचा अर्ज आईने मुदतीत दाखल न केल्यास तो तिच्या वतीने दाखल करण्याचा अधिकार मी माझ्या पतीस देत आहे.'

तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. आई आजारी पडली तर काय, याची तरतूद हेल्मारच्या करारातच होती. आई मेली तर काय, तीही होती. ती दोन्ही कलमं तिला पाठ होती. मग ज्यासाठी हा कागद लागावा असा एकच प्रसंग उरत होता. आई तिथे धडधाकट असेल, रोज कामाला जात असेल, आणि अर्ज करणार नाही.

जिच्यासाठी जायचं तिच्यासाठीचाच अर्ज. म्हणजे घरी करायचे फोन त्याच्या कितीतरी आधी थांबलेले असणार. नऊशे अकरा फेऱ्यांत जी टिकली, ती घराकडे बघणं सोडत सोडत टिकली. नवऱ्याने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. पण लेकीची सोय करायची तर कागद करणं भाग होतं, आणि कागद न वाचता सही करणारी बायको त्याला मिळाली नव्हती.

तिने सही केली. उरलेल्या तीन कागदांवरही केली.

"वाचलंस?" खिडकीकडूनच त्याने विचारलं.

"बारा कागद कोण वाचत बसतंय?"

त्याने कागद गोळा केले आणि तिच्याकडे न बघता तो नोटरीकडे निघाला.

मुंबईला जाताना सबंध वाटभर ओवी तिच्या मांडीवर होती. रेवतीच्या मनात एकच विचार फिरत होता: आता दार लाल होणार. केळी खाऊन झाली होती. या विचाराने तिला रडू यायला हवं होतं. ओवीला कान मिळायचे कायमचे राहून जाणार होते. पण छातीवरचा दगड जरा हललाही होता. लाल दार म्हणजे यंत्राने लिहून दिलेलं प्रमाणपत्र, की ती बाई आता तू नव्हेस. कळल्यावर तू बदललीस. ती स्वतःची समजूत घालत होती. अर्ज न करणारी आई मी असूच शकत नाही. काल कळलं तेव्हापासून तर नाहीच.

जुळणी कक्षाला एका बाजूने काच होती. काचेपलीकडे निरोप द्यायला आलेली माणसं उभी होती. रेवती खुर्चीत बसली. चकत्या कपाळाला लागल्या. अधिकारी मुलगी पडद्याकडे बघत होती. एक मिनिट गेलं असेल.

"झालं, मॅडम. शून्य पूर्णांक आठ टक्के फरक. अभिनंदन तुमचं." समोरचं दार हिरवं झालं होतं. "दार पाच मिनिटं उघडं असतं. सावकाश निघा."

रेवती जागची हलली नाही. तिने पर्समधून फोन काढला आणि मिरजेला लावला.

"मॅडम, मला कळलंय. कालच कळलं. तरी दार हिरवं आहे. यंत्र बिघडलंय तुमचं."

पलीकडे सतारीचा सूर लावणं चालू होतं. मग खिडकी बंद झाली असावी. "फरक किती दाखवला?"

"शून्य पूर्णांक आठ."

"यंत्र बिघडलेलं नाही, रेवती."

"तुमचे ते एकतीस जण," ती घाईने म्हणाली. "जे गेले. त्यांनी पान वाचायला नकार दिला असेल ना? म्हणून तर गेले ते."

"नाही, बाळ. शंभरच्या शंभर जणांनी वाचलं होतं. वाचल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही. तुझ्या युक्तीला पहिल्यांदाच हो म्हटलं."

रेवतीने फोन खाली घेतला. सगळं इतकं सरळ होतं, की आपल्याला आधीच का दिसलं नाही याचंच तिला नवल वाटलं. पान वाचून जे बदलले ते एकोणसत्तर लाल दारावरून घरी गेले, आपापल्या माणसांत. जे सगळं कळूनही तेच करणार होते, त्यांच्यासाठी दार उघडलं. कळणं वेगळं आणि बदलणं वेगळं. यंत्र मोजत होतं ते दुसरं.

"मॅडम, तीन मिनिटं राहिली," अधिकारी मुलगी म्हणाली.

परत फिरणं कठीण नव्हतं. उठायचं, काचेचं दार ढकलायचं, ओवीला उचलायचं. तसं केलं की कारणपत्रातली ती बाई तिथेच संपली असती. पण मग मुखत्यारपत्राला काही अर्थ उरला नसता. कान मिळायचे तर कुणीतरी तिथे सलग तीन वर्षं टिकायला हवं होतं, आणि जी टिकणार होती ती कोण, हे यंत्राने आत्ताच सांगितलं होतं. अर्ज अभिनंदन करील. ओवीला ऐकू येईल. तेव्हा तिची आई कुठेतरी काम करत असेल, आणि त्या आईला ते फारसं आठवणारही नाही.

की हे सगळं आपण पाय उचलण्यासाठी शोधलेलं कारण आहे? ते तिला ठरवता येईना.

तिने बॅगेची मूठ धरली आणि हिरव्या दाराकडे चालू लागली. मागे वळून बघितलं तर पाय थांबतील, असं तिला वाटलं. म्हणून तिने मुद्दाम बघितलं. अभिनंदनने मास्क काढला होता. त्याचा चेहरा, एकोणीस दिवसांनी, पुरता दिसत होता. ओवी दोन्ही तळवे काचेवर टेकून उभी होती.

पाय थांबले नाहीत.