मळकट जोड

शनिवारी दुपारी घड्याळदुरुस्तीच्या दुकानाचं शटर ओढून घड्याळजी कप्तानच्या घरी निघाला, तेव्हा काम तसं साधंच होतं. कप्तानच्या बायकोचा निरोप आला होता, "यंत्र कुणाला तरी देऊन टाकायचंय, एकदा बघून जा."

कप्तान म्हणजे त्याचा तीस वर्षांचा दोस्त. त्याने जन्मात जहाज पाहिलं नव्हतं, पण हौशी रेडिओवरून समुद्रापारच्या माणसांशी गप्पा हाणायचा, म्हणून कप्तान. आवाज लांब पोचावा म्हणून त्याने व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओतल्या बल्बसारख्या काचेच्या नळ्यांचा, भलामोठा अॅम्प्लिफायर घरीच बांधला होता. दोन महिन्यांपूर्वी त्यातच हात घातलेला असताना विजेचा धक्का बसून तो गेला.

वहिनींनी दार उघडलं. "भावजी, देण्याआधी त्याला गप्प करा. दुपारचं गुणगुणतं ते."

"प्लग काढलाय ना?"

"त्याच दिवशी."

वरच्या खोलीत जळक्या वार्निशचा वास अजून घुटमळत होता. प्लग खरोखरच जमिनीवर पडला होता, पिनांवर धूळ साचलेली. तरी धक्का बसलाच तर वीज छातीतून जाऊ नये म्हणून जुन्या सवयीने घड्याळजीने डावा हात खिशात घातला. असल्या यंत्रात प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज दबा धरून बसते. त्याने लाकडी दांडीला बांधलेली अर्थिंगची तार आत टेकवली.

फट्! निळी ठिणगी उडाली.

दोन महिन्यांनंतर? असेल बुवा, मागे उरली असेल थोडी. त्याने पुन्हा तार टेकवली. फट्! तिसऱ्यांदा आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढला. चौथ्यांदा मात्र काहीच झालं नाही, आणि ती शांतता त्याला त्या आवाजापेक्षाही नकोशी वाटली.

त्याने बॅटरीचा झोत आत टाकला. व्हॉल्व्हच्या काचेला तडा गेला होता. आतला चंदेरी डाग पांढराफटक पडला होता, म्हणजे आत हवा शिरलेली. हा व्हॉल्व्ह आता मेलेला. झोत खाली सरकला आणि तिथेच थांबला.

उरलेली वीज जिरवणारा रेझिस्टर तिथे होता. त्याचं एक टोक सुटलं होतं, म्हणजे प्लग काढल्यावरही वीज आतच राहिली होती. सोल्डरचा चकाकी नसलेला, मळकट, राखाडी जोड. तो जोड त्याच्याच हातचा होता.

तो जोड केला त्या दिवशी दुकान उघडायची घाई होती. सोल्डरिंगची इस्त्री नीट तापली नव्हती. जोड मळकट, म्हणजे कच्चा दिसतोय हे त्याला तेव्हाच कळलं होतं. "चालतंय की रे," तो म्हणाला होता. आणि कप्तान हसून म्हणाला होता, "तुझा हात लागलाय लेका, मग बघायचं काय!"

हे यंत्र नेणारा ते उघडणार, बघणार, वहिनींना सांगणार. घड्याळजीने जिन्याकडे कानोसा घेतला. खिशातला चिमटा काढला आणि तो रेझिस्टर उपटायला हात आत घातला.

प्लग नसलेल्या यंत्रात गुणगुण सुरू झाली.

मेलेल्या व्हॉल्व्हमधली तार आधी लालसर झाली, मग नारिंगी. घड्याळजीने हात मागे ओढला. हात येईना. धक्का नव्हता, झिणझिण्या नव्हत्या… मनगटाभोवती काहीतरी गार होतं. पाच ठिकाणी दाबणारं. गुणगुण वाढत गेली, आणि हात हळूहळू कपॅसिटरकडे ओढला जाऊ लागला.

"भावजी?" वहिनी दारात उभ्या होत्या.

"वहिनी…" त्याचा आवाज फुटला. "हा जोड मी केलाय. कच्चा होता… मला माहीत होतं. माझ्यामुळे गेला तो."

तार विझली. मनगट सुटलं. घड्याळजी भिंतीशी कोसळला आणि लहान पोरासारखा रडला.

वहिनींनी त्याला धरून खाली आणलं, पाणी दिलं. रिकामा पेला परत घेत त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतं, भावजी."

"कुणी सांगितलं?"

"ह्यांनीच."

"पण त्याला कुठे माहीत होतं… कधी सांगितलं?"

"परवा दुपारी." वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं आणि छताकडे पाहिलं. "हळू बोला. दोन महिन्यांनी आत्ता कुठे डोळा लागलाय त्यांचा."

वर कुणीतरी कूस बदलली, तशी खाट करकरली.

वरच्या खोलीत खाट नव्हती.