राधाबाईंनी नर्स काढली

काळाचौकीच्या त्या चाळीत, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक तरुण डोक्यावर कमोडची खुर्ची घेऊन अडकला होता.

"जरा... मागचा पाय सोडवता का?"

दीपिकाने कठड्यात अडकलेला पाय सोडवला. खुर्चीखालून घामेजलेला, हसरा चेहरा बाहेर आला.

"थँक्यू! आजीसाठी आणलीय. तिला कळलं तर मला हिच्यासकट खाली फेकेल."

"राधाबाई परब? मी त्यांचीच नर्स."

"मग तुम्हालाही फेकेल," तो तरुण, राकेश, म्हणाला.

राधाबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. घरी सांभाळायला कोणी नसेल, तर त्यांना लेकीकडे नालासोपाऱ्याला जावं लागणार होतं. तरी दीपिका पुढे होताच त्या कडाडल्या, "माका कोणी धरूचा नाय! गिरणीत पंधरा वर्षं उभ्याने काढलीत मी."

"मी कुठे धरतेय? हा माझा हात. वाटलं तर तुम्ही धरा."

राधाबाईंनी बराच वेळ त्या हाताकडे पाहिलं... आणि धरला.

पंधरवड्यात त्या तिच्याकडून आंघोळही घालून घेऊ लागल्या. राकेश मात्र ऑफिसातून रोज लवकर घरी यायला लागला.

"आजीचं बीपी?"

"सकाळी मेसेज केला होता."

"संध्याकाळचं?"

"तेही कळवलं."

"मग... तुमचं?"

"तुम्ही आलात की वाढतं," दीपिका म्हणून गेली आणि स्वतःच लाजली.

एकदा तिला सोडायला तो दारापर्यंत आला. "रविवारी शिवाजी पार्कला येशील? नुसतं... चालायला."

तिच्या ओठांवर 'हो' आलं होतं, पण ती म्हणाली, "नको रे. पेशंटच्या घरात असं नाही चालत. माझी नोकरी जाईल."

दुसऱ्या दिवशी दीपिकाला नर्स पुरवणाऱ्या तिच्या ऑफिसातून फोन आला, राधाबाईंना दुसरी नर्स हवीय. ती धावतच चाळीत आली. डोळे भरलेले.

"आजी, काय चुकलं माझं?"

"काय नाय गो. काल दार उघडं होतं. म्हातारीचे कान शाबूत आहेत."

"पण दुसरी बाई... तुम्हाला चालेल?"

राधाबाईंनी पदर सारखा केला. "परकीसमोर परत उघडं बसायचं म्हणजे जीव जातो. पण किती दिवस? चार दिवस लाजेन, पाचव्या दिवशी तिला शिव्या देईन. तुझी नोकरी टिकली, आता मी तुझी पेशंट नाय."

राकेश दारात येऊन उभा होता.

"बघतोस काय? विचार तिला! सगळं मीच करू?"

"दीपिका... मला तू फार आवडतेस. रविवारी येशील?"

दीपिकाने डोळे पुसले. "येईन. पण आज आंघोळ मीच घालणार. नवी बाई उद्यापासून."

"आणि हा?" आजींनी नातवाकडे बोट दाखवलं.

"हा पाणी तापवेल," दीपिका म्हणाली. राकेश हसत हसत मोरीकडे पळाला.