बेबाचे डोळे

जेवणं आटोपून सगळे गच्चीवर आले, तरी फरशी अजून तापलेलीच होती. तोतारामनानांनी बादलीभर पाणी ओतलं, सतरंजी अंथरली आणि भिंतीला टेकून बसले. धाकट्या भूषणने गोष्टीचा हट्ट धरला. त्याची बहीण सारिका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, तिने आधीच सांगून टाकलं, "नाना, भूत आलं की मी खाली जाणार. झोपायला."

"यात भूत दिसत नाही गं," नाना म्हणाले. "शाळेत माझ्या हाताखाली चित्रकला शिकलेला कुंदन. त्याच्या बाबतीत जे घडलं, तेवढंच सांगतो."

कुंदनचं जळगावात फोटोचं दुकान. लग्नसमारंभांचा कंटाळा आल्यावर त्याने जुने, खराब झालेले फोटो नीट करण्याचं काम धरलं आणि त्यात त्याचा हात बसला. दिवस होता २९ एप्रिल २०२५, मंगळवार. दुसऱ्या दिवशी आखाजी, म्हणजे आपली खानदेशातली अक्षय्य तृतीया. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास जवळच्या असोदा गावच्या भिकुबाई दुकानात आल्या. काखेत फडक्यात बांधलेला अल्बम. त्याची काळी पानं हात लावताच कडेने झडत होती आणि फोटोंवर बुरशीची पांढरी जाळी धरली होती. भिकुबाईंनी शोधाशोध न करता एकच पान उघडलं. खुर्चीत बसवलेली पाचेक वर्षांची मुलगी, झालरीचा फ्रॉक, डोळे टक्क उघडे.

"बाकीचे गेले तरी चालतीन, भाऊ. ही माझी बेबा. चव्वेचाळीस वर्सं झाली तिले जाऊन. दुसरा फोटोच नही तिचा."

"करू, अक्का. आठवडा लागेल."

"सकायी पाहिजे. आखाजीले साऱ्याच्या लेकी माहेरी येतात."

कुंदनने मान डोलावली. वस्तू कोणत्या स्थितीत आली याची नोंद हवी, म्हणून त्याने ते पान मोबाइलवर टिपलं आणि मोठं करून त्यांच्यापुढे धरलं. "पाहा, डोळे किती स्वच्छ आलेत."

भिकुबाईंनी पाहिलं नाही. "रातभर असेच राह्यतात," त्या म्हणाल्या. "पोर निजतच नही."

थकलेल्या जिवाचं बोलणं म्हणून त्याने ते मनावर घेतलं नाही. त्या गेल्यावर मोबाइलवर टिपलेला तो फोटो त्याने नानांना पाठवून दिला. असं काही जुनं हाती आलं की तो पाठवायचाच.

रात्रीचे साडेअकरा. शटर अर्धं खाली. स्कॅनरच्या काचेला बुरशी लागू नये म्हणून आधी ती पुसणं भाग होतं. ओलसर कापूस त्याने फोटोच्या कडेला फिरवून पाहिला. फोटोचा रंग जराही सुटला नाही. मग फ्रॉक. मग गाल. जाळी निघत गेली, चेहरा उजळत गेला. शेवटी त्याने कापूस डोळ्यांवरून फिरवला.

कापूस काळा झाला.

त्याने हात मागे घेतला. फोटोत दोन्ही पापण्या मिटलेल्या होत्या. बुबुळं, बाहुल्या, त्यांतला प्रकाशाचा ठिपकासुद्धा कुणीतरी बारीक कुंचल्याने वरून काढलेला होता. कडेला रंग नव्हताच. कडेला कळणार कसं? एखादं लेकरू एकही फोटो नसताना गेलं, तर पूर्वी छायाचित्रकार त्याला खुर्चीत टेकवून बसवत आणि डोळे मागाहून रंगवून देत. कुंदनने हे ऐकलं होतं. पाहिलं नव्हतं.

एका आईपाशी लेकीचे एवढेच डोळे होते. आणि ते आता त्याच्या चिमटीतल्या कापसावर होते.

मग त्याला मोबाइल आठवला. त्यात आहेत. त्यातून पुन्हा छापता येतील. त्याने हात पुढे केला...

वीज गेली.

पंखा थांबत थांबत थांबला. रस्ता निपचित. मागे, गिऱ्हाइकांना फोटोसाठी बसवतात त्या खुर्चीतून, जांभईचा आवाज आला. लहानशी जांभई.

तो वळला नाही.

मग श्वास. आधी उथळ... मग सावकाश... मग एका लयीत.

त्याला भीती वाटत होती. पण तो हलला नाही तो भीतीने नव्हे. हललं तर आवाज होईल, म्हणून.

दोन वाजून दहा मिनिटांनी वीज आली. खुर्ची रिकामी होती. त्याने मोबाइल उघडला.

त्यातही... पापण्या मिटलेल्या.

सकाळी तो असोद्याला गेला. ओसरीवर गेलेल्यांच्या नावाने घागर भरून ठेवलेली, तिच्यावर खरबूज, बाजूला फोटोपुरती जागा मोकळी. "अक्का, चूक माझी आहे," तो म्हणाला. "तिचे डोळे..." त्याने फोटो पुढे केला.

भिकुबाईंनी फोटो दारातल्या उजेडाला धरला. बराच वेळ. अंगणातल्या निंबाला झोका बांधला होता, माहेरवाशिणी मोठ्याने गात होत्या. भिकुबाई उंबरठ्यापर्यंत गेल्या.

"हळू व बायांनो," त्या म्हणाल्या. "आताच निजली."

गच्चीवर सारिका म्हणाली, "मोबाइलमधला फोटो कुणालाही बदलता येतो, नाना. कुंदननेच बदलला असेल."

"असेल," नाना म्हणाले आणि त्यांनी स्वतःचा फोन तिच्या हातात दिला.

२९ एप्रिल, सायंकाळी सहा बावन्न. कुंदनकडून आलेला फोटो. खुर्चीतली मुलगी, झालरीचा फ्रॉक, मिटलेल्या पापण्या. आणि त्याच्याखाली, सहा चोपन्नला, नानांनी पाठवलेलं उत्तर:

'पोरीचे डोळे किती टपोरे आहेत.'